डेस्कटॉपवरची मेहुणी

बाणवाल्यांना हे नाव पडलं ते त्यांच्या धंद्यामुळे. इस्पितळांत, कचेऱ्यांत, मोठ्या इमारतींत जिना कुठे, लिफ्ट कुठे, बायकांचं स्वच्छतागृह कुठे हे बाण काढून दाखवणाऱ्या ज्या पाट्या असतात, त्या ते बनवत. पाटीवर अक्षरं कमी आणि चित्रं जास्त, हा त्यांचा हट्ट. "माझी पाटी वाचायला शाळेत जावं लागत नाही," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, आणि गिऱ्हाईक गेलं की तेच बायकोला पुन्हा ऐकवत.

एकदा एका इस्पितळात व्यायामोपचाराच्या खोलीसाठी त्यांनी हात उंच केलेला माणूस काढला. लोक त्या पाटीखाली येऊन टॅक्सीची वाट बघत उभे राहायला लागले. इस्पितळाने पाटी उतरवली, तेव्हा बाणवाल्यांनी लोकांच्या बुद्धीला बोल लावला. नाचता येईना अंगण वाकडं, असं बायको तेव्हा म्हणाली होती. तेव्हा तिला सगळं म्हणता येत होतं.

मग तिला झटका आला. उजवा हात मंदावला, समोरची अक्षरं दिसत असून वाचता येईनात, आणि शब्द ओठांपर्यंत येऊन अडायला लागले. समज मात्र शाबूत होती. म्हणजे नवरा कुठे कुठे चुकतोय ते तिला पूर्वीइतकंच स्वच्छ दिसत होतं, फक्त सांगता येत नव्हतं. कुठल्याही बायकोला याहून मोठी शिक्षा नाही, हे बाणवाले स्वतःच कबूल करत.

तिला पुन्हा बोलतं करायला एक बाई घरी यायच्या. स्वभावाने शांत, पण नवऱ्यांच्या बाबतीत कडक. त्यांनी सांगितलं की दिवसातलं एक तरी काम हिने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने करायचं, कोणी हात लावायचा नाही. काम कुठलं ते हिनेच ठरवायचं. एकदा का माणसाने नाद सोडला, की गेलेलं परत आणणं फार जड जातं, असंही त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनी का कोण जाणे बाणवाल्यांकडे पाहिलं. बायको बराच वेळ विचार करत बसली आणि म्हणाली, "बहीण."

ही बहीण म्हणजे बाणवाल्यांची धाकटी मेहुणी, दूरच्या शहरात राहणारी, जिभेने तिखट. आजारपणाआधी दुपारची कामं उरकली की दोघी बहिणींचा फोन लागायचा, खोलीचं दार लागायचं, आणि आतून हसण्याचे आवाज यायचे. हसणं कोणावर चाललंय हे ओळखायला बाणवाल्यांना फार डोकं चालवावं लागत नसे. आता मोबाईल तिच्या डाव्या हातात नीट बसत नव्हता, बोट जरा जास्त टेकलं की भलतंच काहीतरी उघडायचं. म्हणून फोन कॉम्प्युटरवरून, मोठ्या पडद्यावर, चेहरा बघत व्हायचा. तो बाणवाले लावून देत आणि शेजारी खुर्ची ओढून बसत.

बसून ते मदत करत. मदत म्हणजे अशी, की बायकोने "काल... काल मी..." म्हणून शब्द शोधायला सुरुवात केली, की बाणवाले तो शोधून हजर करत. "डॉक्टरांकडे गेलो होतो." ती मान डोलवायची. "मला... ते..." म्हणाली की बाणवाले सांगत, "चहा हवाय तिला." ती चहासुद्धा प्यायची. एकदा मेहुणी तिकडून म्हणाली, "भावोजी, मी फोन कोणाला केलाय, तुम्हाला की ताईला?" बाणवाले दिलखुलास हसले. मेहुणीला आपली विनोदबुद्धी आवडते, असं त्यांचं लग्नापासूनचं मत होतं.

तेव्हा एकटीने बहिणीला फोन लावायचा, हे काम ठरलं. आता अक्षरं तर तिला वाचता येत नाहीत. म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रच हवं, ते दाबलं की थेट मेहुणी. चित्र म्हटल्याबरोबर बाणवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आयुष्यभर परक्यांना जिने दाखवले, आता घरच्या माणसाला वाट दाखवायची वेळ आली होती. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून पाहून ते शिकले, की आयकॉनवर राईट क्लिक करायचं, प्रॉपर्टीजमध्ये शिरायचं, आणि तिथे जे चित्र असेल ते काढून आपलं बसवायचं. एवढंसं काम, पण ते जमल्यावर त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

मेहुणीने आपण होऊन स्वतःचा हसरा फोटो पाठवला होता. हाच लावा, भावोजी, ताई लगेच ओळखेल, असा निरोपही होता. बाणवाल्यांना तो अपमान वाटला. फोटो काय, कोणीही चिकटवतो. आपण कारागीर. त्यांनी दोन डोकी समोरासमोर काढली, निळ्यावर पांढरी, एकही रेघ वावगी नाही, आणि बायकोला बोलावून विचारलं की हे काय आहे.

तिने निरखून पाहिलं. "भांडण," म्हणाली.

त्यांनी दोन डोक्यांच्या मध्ये एक रुंद हसू घातलं. ती म्हणाली, "दात." मग त्यांनी सगळं पुसून गोल चेहऱ्याची एक बाई काढली आणि तिच्या कानाशी जुन्या पद्धतीचा टेलिफोन दिला. बायकोने मान तिरकी करून पाहिलं, मान सरळ करून पाहिलं, आणि जरा दयेनेच म्हणाली, "अंघोळ." बाणवाल्यांनीही मग मान तिरकी केली. कानाशी धरलेला तो फोन खरंच नळीच्या शॉवरसारखा दिसत होता. पण रंग छान जमला होता, म्हणून त्यांनी तेच चित्र ठेवलं.

आणि गंमत अशी, की तिसऱ्या दिवशी तिला ते जमलं. डाव्या हाताने माऊस सरकवत सरकवत ती पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या अंघोळ करणाऱ्या बाईपाशी पोचली, दोनदा टिचकी मारली, आणि मेहुणीचा चेहरा उजळून समोर आला. तिकडे मेहुणी रडायला लागली. इकडे बायको नुसतीच पडद्याकडे बघत राहिली, पण गाल लाल झाले होते. बाणवाल्यांनी मनातल्या मनात आपल्याच पाठीवर थाप मारली. पाहिलंत, चित्र बोललं.

इथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पी हळद आणि हो गोरी, अशा माणसाला पहिल्या यशावर थांबणं माहीत नसतं. बाकीचे आयकॉन आता त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागले. एकाचा रंग पिवळा, दुसऱ्याचा कोपरा गोल, तिसरा नुसताच कागद. कुठल्याही इमारतीत अशा पाट्या लावल्या असत्या तर मालकाने त्यांना दारात उभं केलं नसतं. म्हणून त्यांनी फोटोंना निळं चित्र केलं, गाण्यांना केलं, हवामानाला केलं, केराच्या टोपलीला केलं. त्यांना ॲक्रिलिकच्या शीट पुरवणारा शीटवाला होता, तो नवे रंग व्हिडिओ कॉलवर दाखवायचा. त्याचाही आयकॉन पडद्यावर होता. त्यालाही निळ्या चौकोनात बसवून त्याच्या हातात शीट दिली. आणि सगळ्यात शेवटी सगळे आयकॉन एका रांगेत, सारख्या अंतरावर, आधी माणसं आणि मग वस्तू, असे लावून टाकले. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी डेस्कटॉपकडे जसं पाहिलं, तसं लग्नातसुद्धा त्यांनी कोणाकडे पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकोने माऊस कोपऱ्यात नेला, टिचकी मारली, आणि हवामान उघडलं. पुढचे काही दिवस ढगाळ राहणार होते.

बाणवाल्यांनी निदान केलं की मेहुणीचं चित्र कमी पडतंय. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी ते सुधारलं, आणि सुधारलेलं चित्र उठून दिसावं म्हणून रांग जरा बदलली. सकाळी केराची टोपली उघडली. त्यांनी चित्राला लाल कडा दिली आणि ते मधोमध आणलं. मग गाणी लागली, तीही भलतीच ढोल बडवणारी, आणि ती बंद कुठून करायची हे तिला सापडेना. बाणवाले धावत गेले, तेव्हा ती माऊसवरचा हात काढून मांडीत घेऊन बसली होती. चित्र बिघडलं की बाणवाले सुधारत, सुधारलं की ती चुके, ती चुकली की बाणवाले आणखी सुधारत. घोडं कुठे पेंड खातंय हे त्यांना काही केल्या कळेना, कारण घोडंही तेच होते आणि पेंडही त्यांनीच घातली होती.

मग एका सकाळी ती त्या खोलीत गेलीच नाही. बाणवाल्यांनी हाक मारली, खुर्ची पुसली, नवं चित्र किती सोपं झालंय ते सांगितलं. ती खिडकीशी बसून राहिली. म्हणाली, "नको."

फक्त एवढंच. पण नाद सोडण्याबद्दल बाई काय म्हणाल्या होत्या ते बाणवाल्यांना आठवत होतं, आणि त्या 'नको'त राग नव्हता, हे त्यांना जास्त लागलं. रागावलेली बायको त्यांनी उभं आयुष्य सांभाळली होती. आपण मंद झालो, आपल्याला आता एवढंही येणार नाही, असं मानून गप्प बसलेली बायको त्यांना सांभाळता येणार नव्हती. ते कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले, आपल्या सुंदर निळ्या रांगेकडे बघितलं, आणि त्यांना भीती वाटली. खरं सांगायचं तर त्या भीतीतही त्यांच्या मनात आलं, की कडा लाल न ठेवता केशरी केली तर?

दुसऱ्या दिवशी एका कचेरीत लिफ्टच्या पाट्या बसवायच्या होत्या. बाणवाले शिडीवर, तोंडात दोन स्क्रू, आणि खिशात मोबाईल वाजला. शीटवाला होता. त्याने आधी नेहमीप्रमाणे दुधी रंगाची शीट संपल्याचं सांगितलं, आणि मग म्हणाला की वहिनींशी आज छान गप्पा झाल्या.

बाणवाल्यांनी तोंडातले स्क्रू काढले. कोणाच्या वहिनी, असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

शीटवाल्याने सांगितलं ते असं. सकाळी त्याच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल आला, बघतो तर वहिनी. त्या त्याला बघून दचकल्या, तो त्यांना बघून दचकला. चुकून लागला असणार हे उघड होतं, पण असा तोंडावर फोन ठेवायचा कसा? हातातलं कामही सोडता येईना, शीट अर्धी कापून झाली होती. मग त्याने मोबाईल खोक्याला टेकवून ठेवला आणि कापत राहिला. वहिनी बोलत होत्या. मध्ये मध्ये थांबायच्या. तो कापायचा. मग पुन्हा बोलायच्या. पुष्कळ वेळ चाललं होतं. त्याची आई कशी आहे ते त्यांनी विचारलं. तिचे गुडघे विचारले.

"गुडघे?" बाणवाले म्हणाले. गुडघा हा शब्द बाईंनी दोन आठवडे शिकवून सोडून दिला होता.

हो, गुडघे, शीटवाला म्हणाला. यायला वेळ लागला, पण आला. मग जरा घुटमळून तो म्हणाला, "आणखी एक सांगत होत्या. ती चित्रं रोज हलतात, म्हणाल्या. काल इथे होतं ते आज तिथे. मला काही कळलं नाही, पण मी आपलं हो हो म्हटलं."

बाणवाल्यांनी फोन ठेवला आणि शिडीवरच उभे राहिले. म्हणजे काल 'नको' म्हणालेली बायको ते घराबाहेर पडल्यावर पुन्हा कॉम्प्युटरपाशी बसली होती. खाली कचेरीतली माणसं लिफ्टसाठी येत होती. त्यातला एकही माणूस पाटीकडे बघत नव्हता. रोजची माणसं ती. डोकं मोबाईलमध्ये खुपसून चालत यायची, नेमक्या ठिकाणी वळायची, न बघता हात पुढे करायची, आणि बटण तिथेच असायचं. बटण उद्या कोणी हातभर डावीकडे सरकवलं असतं, तर सगळी शिकलीसवरलेली कचेरी भिंत चाचपत बसली असती.

म्हणजे तिसऱ्या दिवशी बायकोने चित्र ओळखलंच नव्हतं. तिने जागा ओळखली होती. पडद्याच्या त्या कोपऱ्यात एकच चौकोन, तिथे बहीण, एवढं तिने आपल्या दुखऱ्या डोक्यात कष्टाने बसवलं होतं. आणि नवरा रोज संध्याकाळी बाह्या दुमडून बहिणीला उचलून दुसरीकडे ठेवत होता, आणि वर सकाळी विचारत होता की आता तरी सोपं झालं ना. उंटावरून शेळ्या हाकणारा शहाणा असतो तो निदान उंटावर तरी बसलेला असतो, असं बाणवाल्यांच्या मनात आलं. आपण तर रोज शेळ्याच हलवत होतो. त्या दिवशी त्यांनी एक पाटी उलटी बसवली. वर जाणारा बाण तळघराकडे बघत होता. कचेरीतल्या शिपायाने दाखवून दिल्यावर त्यांनी ती निमूटपणे काढून सरळ केली.

घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. तिला तशी चाहूल लागली, पण तिने वळून पाहिलं नाही. डावा हात फळीवर गेला, डब्यांच्या ओळीवरून न थांबता साखरेच्या डब्यावर पडला, आणि डबा खाली आला. हे रोजच चालत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा कोण हे बाणवाल्यांनी स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर त्यांना फारसं आवडलं नसतं.

त्यांनी तिला हात धरून खोलीत नेलं नाही. आधी तसं नेलं असतं. दारात उभं राहून विचारलं, "तुझ्या बहिणीला कुठे ठेवू?"

ती कॉम्प्युटरपाशी आली. निळ्या रांगेकडे बघून तिने तोंड वाकडं केलं, मग बोटाने पडद्याच्या खालच्या डाव्या बाजूला एक ठिकाण दाखवलं. ना कोपऱ्यात, ना मध्ये. कुठल्याही रेषेत न बसणारं, अगदी तिरपागडं. बाणवाल्यांचा हात शिवशिवला. जरा वर घेतलं तर ओळीत येईल, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आयकॉन आपोआप रांगेत लावणारी खूण त्यांनी बंद केली, मेहुणीला ओढत ओढत त्या बोटाखाली आणलं, आणि सोडलं. बाकीचे सगळे आयकॉन तिने हातवारे करून दूर पाठवले. शीटवाल्याला मात्र वरच्या कोपऱ्यात राहू दिलं.

"आणि चित्र कोणतं ठेवू?" त्यांनी विचारलं. कानाशी फोन धरलेली, समोरासमोर डोक्यांची, दातांची, लाल कडेची, केशरी कडेची, सगळी तयार होती.

"काही पण," ती म्हणाली.

एवढी वर्षं गिऱ्हाइकांनी त्यांच्या चित्रांना नावं ठेवली होती, पण असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी मेहुणीने पाठवलेला फोटो लावला.

मग ते रोजच्यासारखी शेजारची खुर्ची ओढायला गेले. तिने मान हलवली. म्हणाली, "जा." ते दारापर्यंत गेले. तिने पुन्हा मान हलवली आणि म्हणाली, "दार." बाणवाल्यांनी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

लगेच निघून जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दोन पावलं टाकलीही. पण आत टिचकीचा आवाज आला, मग शांतता, मग पुन्हा टिचकी, आणि ते जागीच थांबले. ढोल वाजले नाहीत. हवामान बोललं नाही. फोनची रिंग वाजत राहिली, आणि मग मेहुणीचा आवाज आला, "ताई? एकटीच आहेस?"

"एकटी," बायको म्हणाली.

मग मेहुणीने विचारलं की भावोजी कसे आहेत. बाणवाले दाराजवळ आले. चोरून ऐकणं वाईट, हे त्यांना माहीत होतं, आणि ते कान दाराला लावून उभे होते.

"हे..." बायको म्हणाली. "हे... दिवसभर... नुसती..."

आणि शब्द अडला. बाणवाल्यांना तो बाहेरूनच दिसत होता. काळजी. नुसती काळजी करतात. किंवा धावपळ. सेवा म्हटलं तरी चालण्यासारखं होतं. तिन्ही शब्द त्यांच्या जिभेवर येऊन उभे होते, दाराला एक टकटक केली असती की तिची सुटका होती. तिकडे मेहुणी गप्प होती. इकडे बायको श्वास घेत होती, पुन्हा सुरुवात करत होती, "नुसती... नुसती..." आणि पुन्हा थांबत होती. बाणवाल्यांनी दोन्ही हात खिशात कोंबले आणि ओठ घट्ट मिटून धरले. एवढं अवघड काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

"लुडबुड," बायको म्हणाली.

अगदी स्वच्छ, एकही अक्षर न गाळता. मग मेहुणी हसली, आणि तिच्यामागून बायको हसायला लागली, आजारपणाआधी त्या बंद दारामागे हसायची तशी, खो खो, न थांबता. बाणवाले बाहेर भिंतीला टेकून उभे होते. डोळे पुसायला त्यांनी खिशातून हात काढला, आणि आत ती आणखी काय काय सांगतेय ते ऐकत राहिले.